सात वाट्यांचा डबा

एखादी गोष्ट पूर्ण कळायला तिच्यातलं कमीत कमी किती पाहावं लागतं, या एका प्रश्नावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस आमच्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो चुडाव्याला राहतो. ते माझे गणिताचे सर. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. एम.एस्सी.चा फॉर्म सरांनी स्वतः भरून माझ्या हातात ठेवला. आज मी सेलूला शाळेत गणित शिकवतो, तो त्या फॉर्ममुळे.

सरांचा विषय क्रमचय गट, म्हणजे वस्तूंच्या जागा बदलण्याचे ठरलेले नियम. अशा प्रत्येक गटाचा एक आकडा असतो. दोन मांडण्या त्या नियमांनी एकमेकींत बदलता येतात का, हे ठरवायला एका वेळी निदान किती वस्तू पाहाव्या लागतात, तो आकडा. बीजगणितवाले म्हणत, हे मॉडेल थिअरीचं, तर्कशास्त्राचं काम; तर्कशास्त्रवाले म्हणत, हे तुमचं बीजगणित. त्यामुळे परिषदेत सर बोलायला उभे राहिले की दोन्हीकडची मंडळी बाहेर जात. ‘चहा चांगला असेल,’ सर म्हणायचे. लग्नात ते फोटोग्राफरला गाठून विचारत, ‘यातले किती दिसले म्हणजे हेच लग्न म्हणून ओळखशील?’ एकजण म्हणाला, ‘सर, नवरा-नवरी दिसले तरी बास.’ सर खूश झाले. ‘दोन. लय सोपं लग्न आहे.’ स्टेशनबाहेरच्या हॉटेलात ते कपांची रांग लावून त्यांवर बश्या पालथ्या घालत, तेव्हा मालक हात जोडायचा. ‘सर, बश्या काढा. गिऱ्हाईकाला वाटायलंय च्या संपला.’

हा नाद एकट्या काकूंनी, सरांच्या पत्नींनी, मनावर घेतला. त्या सातवी शिकलेल्या. घरात मिसळणाचा डबा होता, त्यात झाकणाच्या सात वाट्या. रोज सकाळी काकू दोन-दोन वाट्यांची अदलाबदल करायच्या, वाटेल तितक्या वेळा. सरांनी एकेक झाकण उघडून, कालच्या मांडणीशी ताडून सांगायचं, अदलाबदली सम झाल्या की विषम. पाच झाकणं उघडून काही कळत नाही, कारण उरलेल्या दोन वाट्या कशाही असू शकतात. सहावं उघडलं की कळतं. सातांचा आकडा सहा. बरोबर सांगितल्याशिवाय काकू चहा देत नसत.

काकू गेल्या त्या सकाळचा डबा त्यांनी लावून ठेवला होता. सरांनी पाच झाकणं उघडून पाहिली आणि परत लावली. त्यानंतर ते तिखट-मीठ कागदाच्या पुड्यांतून घ्यायचे. मी एकदा विचारलं, ‘सर, सहावं का नाही?’

‘उत्तर आलं की डाव संपला,’ ते म्हणाले.

गेल्या वर्षी आईला सरांच्या पाया पडायचं होतं, म्हणून तिला घेऊन गेलो. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘सर, तुमी निस्ते वाळायलाव. बसा, पिठलं टाकते.’ सर मला त्यांच्या वहीतलं काही दाखवत होते. मला डबा आठवला तोवर उशीर झाला होता. आईनं सातही वाट्या घासून, पुड्यांतलं सगळं त्यांत भरलं होतं.

‘तिखटाला जाळी धरली व्हती,’ ती म्हणाली.

सर दारात उभे होते. ‘कोणती वाटी कुठं होती, आठवतं का?’

‘न्हाई बा सर. काई चुकलं का?’

सरांनी एक वाटी उचलून परत ठेवली. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘टाका पिठलं.’ दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. परतीच्या गाडीत आईनं ते मला चारदा सांगितलं.

आता मी एक रविवार सोडून चुडाव्याला जातो. सर दूध आणायला बाहेर पडले की वाट्यांची अदलाबदल करून झाकणं लावून ठेवतो. ते येतात, डब्यापुढे बसतात. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहाव्या झाकणावर बोट ठेवून म्हणतात, ‘पुढच्या वेळी येशील ना?’

मी हो म्हणतो. सर बोट काढून घेतात आणि चहा ठेवायला उठतात.