कळसूबाईच्या वाटेवर दादाचं नवं जॅकेट

"भिजून आलात तर डोंगर बंद. कायमचे." वहिनीनं एवढंच सांगितलं आणि ती पोळ्या लाटायला लागली.

माझा दादा साठीला टेकलाय, पण पावसाळा आला की त्याचा पाय घरात ठरत नाही. मागच्या वर्षी ओला शर्ट अंगावरच वाळवत आला आणि न्यूमोनियानं दवाखान्यात पडला. डॉक्टर काहीही म्हणोत, वहिनीचा सगळा राग त्या शर्टावर. यंदा कळसूबाईला मी सोबत असेन आणि जॅकेट मी निवडेन, या दोन अटींवर परवानगी मिळाली. म्हणजे काही झालं तर माझीच मान सापडणार!

ऑनलाइन जॅकेट घेणं म्हणजे डोक्याला ताप. फोटोतला गोरापान पोरगा कडक उन्हात उभा, आणि खाली 'वॉटर रेझिस्टंट'. त्याचा अर्थ एवढाच, की भुरभुर सोसेल. आपल्याला हवं वॉटरप्रूफ, आणि तेही आतून शिवणीवर टेप मारलेलं, कारण पाणी सुईच्या भोकांतून शिरतं. आतल्या बाजूचा फोटो नसेल तर सरळ पुढं जा. लोकांनी टाकलेले फोटो बघा. पाच स्टारवाल्यांपेक्षा एक स्टारवाले खरं बोलतात! पहिलं जॅकेट आलं ते बिनटेपचं, मी परत पाठवलं. दुसरं आल्यावर दादाला न्हाणीघरात उभं करून वहिनीनं तांब्या तांब्यानं पाणी ओतलं. तिनं हात जरा जास्तच मोकळा सोडला होता. जॅकेट पास झालं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी नगरहून निघालो. (जिल्ह्याचं नाव बदललं, तोंडातलं अजून बदलत नाही.) कोल्हारला चहा, मग लोणी, संगमनेर, अकोले. नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे आणि ट्रॅक्टर धरून वेळ काढा. राजूरच्या पुढं रस्ता छान, हवा गार, भातखाचरं काठोकाठ. राजूरच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशव्या आणि बॅटरीचे सेल घेतले. पायथ्याच्या बारी गावात घरगुती मुक्काम केला, जेवणासकट माणशी आठशे. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. दादानं तीन भाकऱ्या चेपल्या.

सकाळी धुकं आणि रिपरिप. दादा चेन गळ्यापर्यंत ओढून ऐटीत चालत होता. कड्यावरच्या दोन लोखंडी शिड्या झाल्या, तसा थांबला.

"बेबे, हे गळतंय गं."

मी पाठीत हात घातला. शर्ट ओलाचिंब! माझं धाबं दणाणलं. विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, मग नीट चाचपलं. खांदे कोरडे, गळ्याशी कोरडं, शिवणी कोरड्या. ओलं फक्त सॅकखाली आणि काखेत. अरे देवा, हा तर घाम! पाऊस आत येत नव्हता, तसा घामही बाहेर जात नव्हता. 'ब्रीदेबल' म्हणजे घाम बाहेर सोडणारं, हे वाचून मी भाळले होते. काखेत हवेसाठी चेन आहे का, ते बघायचंच राहिलं. तुम्ही बघा. आणि चढताना जॅकेट गळ्यापर्यंत बंद करू नका, पाऊस कमी असेल तर काढूनच ठेवा.

डोंगराच्या धारेवर वारा लागला आणि दादाला कापरं भरलं. प्लास्टिकच्या आडोशाची एक टपरी होती, तिथल्या मावशींनी चुलीजवळ जागा केली.

"च्या घ्या आदी. वर लई वारं हाय."

दादानं पिशवीतला कोरडा टी-शर्ट चढवला. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याचा फोटो वहिनीला पाठवून दिला. तो मात्र वरच्या धुक्याकडं बघत बसला होता. शेवटची शिडी आता फार लांब नव्हती.

"कोरडा हा एकच उरलाय ना?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मग चल खाली. कळसूबाई कुठं पळून चाललीय?"

हा माणूस अर्ध्यातून परत फिरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. उतरताना तो एवढंच म्हणाला, "भिजलो ते तिला सांगू नकोस."

संध्याकाळी घरी पोचलो. वहिनी दारातच.

"भिजले का हो हे?"

"छे, कोरडे ठणठणीत," मी ठोकून दिलं.

"मग निळ्या शर्टात गेलेला माणूस फोटोत पिवळ्या टी-शर्टात कसा?"

झालं! दादानं चप्पल काढता काढता सगळं कबूल केलं. घाम, कापरं, टपरी, आणि वर न जाताच परतणं. आता डोंगर बंद, असं धरूनच तो बोलत होता. आवाज पार पडला होता.

वहिनीनं माझ्याकडं बोट दाखवत त्यालाच विचारलं.

"कपडे बदलायला ताईंनी सांगितलं?"

"नाही."

"आणि मागं फिरायला?"

"मीच फिरलो."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग त्याच्या हातातून जॅकेट घेऊन उलटं करून दोरीवर टाकलं.

"जा मग पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "टी-शर्ट दोन न्या."