शाळेतलं शाळेतच

आजकाल मुलांना गृहपाठ हवा की नको, यावर टीव्हीवर तावातावानं चर्चा चालते. मी टीव्ही बंद करते. मला लगेच बाबाराव गुरुजी आठवतात आणि पोटात दुखायला लागतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तो माणूस काही डोक्यातून जात नाही.

राळेगाव तालुक्यात आमची दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी बाबारावांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी यवतमाळ शहरातली. नवरा तिथे कचेरीत, म्हणून मी गावात खोली करून राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी जायची. बाबाराव राळेगावहून सायकलनं यायचे. शर्टाची वरची गुंडी कायम तुटलेली, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी, आणि वर्गात चक्क वऱ्हाडी बोलायचे. असला हा माणूस दिसला की पोरं फाटकाकडे धावत सुटायची. कोणी सायकल धरायचं, कोणी डबा. तिसरीत माझ्याकडे आलेली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत त्यांच्याच खोलीत. माझ्या खोलीत उरायचे मी आणि फळा.

सरळ सांगते, मी जळायची. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून वाट बघायची, की एखादं तरी पोर आपणहून येईल आणि "बाई, काय करता?" म्हणेल. पोरं समोरच्या रस्त्यानंच जायची. मला पाहिलं की मान खाली घालायची आणि पाय उचलायची.

कारण गृहपाठ. मी तो रोज द्यायची आणि तो रोज राहायचा. ती वर्षं कापसाची वाईट. भाव पडलेला, वेचणीला मजूर लावणं कोणाला परवडत नव्हतं, त्यामुळे शाळा सुटली की घरची पोरंच कापूस वेचायला वावरात. अंधार पडल्यावर घरी यावं तर भारनियमन. सकाळी माझा निम्मा वर्ग कोऱ्या वह्या घेऊन उभा. मी ओरडायची, अंगठे धरायला लावायची, आणि पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. बाबाराव शेवटच्या तासाला सगळं लिहून घ्यायचे, पाढे म्हणून घ्यायचे आणि दप्तरं खोलीतच ठेवायला लावायचे.

"गृहपाठाशिवाय मुलं घडतात का?" मी एकदा भांडलेच.

"शाळेतलं शाळेतच बरं, बाई," ते म्हणाले. "घरी त्याहीले कामं हायेत. कायले दोन्हीकडून पिळता?"

त्यांची पोरं पाढ्यांत कच्ची निघाली असती, तर मी सुखानं झोपले असते. तीही निघाली नाहीत.

शेवटी मी पालकसभा बोलावली. म्हटलं, गावासमोरच काय तो निकाल लागू दे. पण दिवस नेमका असा निवडला की त्या दिवशी अर्ध्या गावाचं सीतादही. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, दहीभात दाखवतात आणि मग सगळे वावरातच जेवतात, हे मला शहरातलीला कुठून ठाऊक असायला? सतरंजी अंथरून मी एकटीच बसले. उशिरा मथुराबाई आली, माझ्या तिसरीतल्या उर्वशीची आई.

"बाई, आज कोनी येत नाई. सीतादही हाये," ती म्हणाली. "गुर्जी आमच्याच वावरात जेवून राह्यले. तुमालेबी बलवाचं होतं, पन पोरगी तुमाले लय भेते."

दहीभाताचा डबा ठेवून ती गेली. मी तो खाल्ला नाही. दही आंबट असणार, असं चव न घेताच ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर बाबारावांची बदली दूर नेर तालुक्यात झाली. मला आनंद लपवता येईना. पोरं त्यांच्या सायकलमागे रडत धावली. मी मनात म्हटलं, रडा, चार दिवसांत विसराल.

आणि खरंच, दुसऱ्याच संध्याकाळी चौथीतला रामलाल माझ्या दारात उभा. "बाई, बसू?" म्हणाला आणि तुरीत ससा कसा घुसला ते हातवारे करून सांगू लागला. त्यानंतर दुसरं पोर, मग तिसरं. रोज कोणीतरी यायचंच. मी फुटाणे आणून ठेवायला लागले. शनिवारी नवऱ्याला ऐकवलं, "बघा, तो माणूस हटला आणि मुलं माझी झाली." आता वह्या बघत बसण्यापेक्षा गप्पांना वेळ हवा होता, म्हणून गृहपाठ आधी कमी केला, नंतर बंदच. शेवटच्या तासाला सगळं लिहून घ्यायला लागले. नाव मात्र बाबारावांचं घेतलं नाही.

थंडी कडाक्याची पडली होती, तेव्हा एका संध्याकाळी उर्वशी आली. डोळे लाल, हात लावला तर अंग भाजत होतं.

"अगं, ताप आहे तुला. आज कशाला आलीस?"

"आज माया नंबर हाये."

"कसला नंबर?"

ती गडबडली. इकडे-तिकडे बघितलं आणि मग सांगून टाकलं. "गुर्जीनं जाताना घरचा अभ्यास देल्ला. बाई सांजच्याले एकट्या रायते, तं रोज एकानं जाऊन बसाचं अन् एक गोठ सांगाची. बाईले सांगू नोका म्हनलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एकदाच गृहपाठ दिला या माणसानं, आणि पोरं तो तापातसुद्धा चुकवत नाहीत! माझा एक पाढा कधी कोणी लिहून आणला नव्हता. एवढे दिवस मी ज्यावर फुशारत होते, तेही त्यांचंच निघालं. वाटलं, सांगून टाकावं, उद्यापासून माझ्या दारात कोणी पाय ठेवायचा नाही.

उर्वशीला माझी शाल गुंडाळली आणि हाताला धरून घरी पोचवायला निघाले. मथुराबाईच्या अंगणापर्यंत ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. दाराशी पोरीनं माझा हात सोडला, तेव्हा मी घाईघाईनं विचारलं,

"उद्या नंबर कोणाचा गं?"