बैल थांबतो म्हणून नालबंदाकडे गेलो

मंडळी, आज लई थकलोय, तरी सांगतो.

माझा देवणी बैल महिनाभर चालता चालता थांबत होता. नाल टोचत असंल म्हणून सकाळी त्याला लातूरला नालबंदाकडं नेलं. नालबंदानं चारी खूर पाहिले, मग स्वतः कासरा धरला. बैल झपाझप चालला!

"मामू, बैल ठीक हाय. तुम्ही लंगडता म्हणून तो थांबतो," नालबंद म्हणाला.

माझ्या तळव्याला कुरूप होतं. वर्षभर मीच ते वस्तऱ्यानं तासत होतो. नालबंदानं मला निजाम सरकारच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरनं कुरूप नीट काढलं, पट्टी बांधली, वस्तऱ्यावरून लई रागावला.

घरी येतानाही बैल दहा पावलांवर थांबला, वळून पाहू लागला.

घरात माझं लंगडणं कुणालाच दिसलं नव्हतं. तुमच्यासाठी कोण थांबतं?