जहाजावर गेलेला शिमोन

तेओफिल गावेंदाने उभी हयात ओल्शीना या पोलिश खेड्यापासून क्रोस्नोपर्यंतच्या एकाच रस्त्यावर बस चालवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्या गावचे पुरुष मधमाश्या पाळतात किंवा मासे धरत बसतात. यानं पूर्वज धरायला घेतले. आधी स्वतःचे धरले, मग शेजाऱ्यांचे, आणि पुढे पुढे तर अमेरिकेतून माणसं थेट त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. “आमची पणजी म्हणे इथलीच,” एवढ्या भांडवलावर तेओफिल त्यांना चर्चच्या जन्मनोंदींतून, कबरींच्या दगडांवरून आणि म्हाताऱ्यांच्या गप्पांमधून फिरवून आणत आणत अखेर कुठल्या तरी चुलत-चुलत भावाच्या गोठ्यात नेऊन उभं करी. मग मिठ्या पडत, आलुबुखाराची दारू निघे आणि ज्यांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नसे ते अंधार पडेपर्यंत बोलत बसत.

“मेलेल्यांचा एवढा गोतावळा जमवलायस,” त्याची बायको गेन्या म्हणायची, “कधी जिवंत बहिणीलाही फोन कर.”

“ती कुठं पळून चाललीय?” तेओफिल म्हणायचा.

गावात गावेंदा इतके, की खडा मारला तर तो गावेंदाला, नाहीतर गावेंदाच्या कुत्र्याला लागायचा. तेओफिलने स्वयंपाकघराच्या भिंतीवर या सगळ्यांचा वंशवृक्ष लावला होता. गेन्याला तिथं कपाट हवं होतं. त्या वृक्षाची एकच फांदी मध्येच तुटलेली होती, आणि ती नेमकी त्याच्या स्वतःच्या आजोबांची होती.

आजोबा शिमोन सन एकोणीसशे बाराच्या वसंतात अमेरिकेला खाणीत कामाला म्हणून निघाले. मागे बायको आगाता, दिवस गेलेली. पोहोचलो की तिकीट पाठवतो म्हणाले. तिकीट नाही, पत्र नाही. मुलगा झाला. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं हा तिथला रिवाज, म्हणून तो वालेन्ती. आगाताने काही वर्षं वाट पाहिली आणि मग स्वतःशी ठरवून टाकलं, की नवरा जहाजावरच गेला. तापानं म्हणा, कशानं म्हणा. गावाचं मत निराळं होतं. गावातली पोरं वालेन्तीला ‘अमेरिकन’ म्हणून चिडवायची आणि तो त्यांना मातीत लोळवायचा.

आता वालेन्ती, तेओफिलचा बाप, शहाऐंशी वर्षांचा होता, परसात ससे पाळत होता आणि तेओफिलच्याच घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सुनेला स्वयंपाकाच्या सूचना देत होता. तिकडे नोव्हेंबरात घरोघरच्या मृतांची नावं फादर चर्चमध्ये मोठ्याने वाचतात, त्यांच्यासाठी प्रार्थना होते. गावेंदांच्या नावांत आगाता नवऱ्याचं, शिमोनचं नाव पहिलं घालायची. ती गेल्यावर वालेन्ती घालू लागला. बाप जहाजावर गेला, या एका गोष्टीवर त्या माणसाने आयुष्य उभं केलं होतं. तोंडानं तसं म्हणाला मात्र कधी नाही.

तेओफिल आजोबांना गुपचूप शोधत होता. अमेरिकेतल्या पूर्वज-शोधकांशी त्याची देवाणघेवाण चाले: तुमची पणजी घ्या, आमचे आजोबा शोधा. पणज्या गेल्या, आजोबा काही आले नाहीत. आले ते भलत्याच वाटेनं. पेन्सिल्व्हेनियातल्या लॉरेन नावाच्या एका निवृत्त नर्सने, कुणाकडून तरी तेओफिलचं नाव ऐकून, मदत मागितली. तिचे आजोबा शिमोन गावेंदा, ओल्शीनाचे, वडील वालेन्ती, आई रोझालिया, माहेरची श्पाक. खाणीत काम केलं, सात मुलं झाली, सत्तावन्न साली घरच्या बिछान्यात वारले. फार प्रेमळ माणूस.

रोझालिया श्पाक भिंतीवरच्या वृक्षात एकच होती, तेओफिलच्याच आजोबांची आई. तेओफिल तिच्याकडे पाहत खुर्चीत बसला.

“कोण मेलं?” गेन्याने विचारलं.

“कोणी नाही. तीच तर पंचाईत आहे.”

त्यानं सगळं सांगितलं. गेन्याने हात पुसले आणि आधी परसाकडचं दार लावून घेतलं.

“बाबांना सांगायचं नाही,” ती म्हणाली.

“ती येतेय, गेन्या. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांच्या दिवशी, कबरस्तानात फुलं ठेवायची आहेत तिला.”

“येऊ दे. गिरणीवाल्या गावेंदांची म्हणून सांग. तिला पोलिश येणार नाही, बाबांना इंग्रजी येत नाही.”

“म्हणजे सगळं माझ्यामार्फत.”

“तुझ्यामार्फतच. बसमध्ये नको त्याला चढू देत होतास का?”

तेओफिलने मोडकं-तोडकं इंग्रजी याच पाहुण्यांकडून उचललेलं होतं. नको ते शब्द वाटेतच उतरवून द्यायचे, असा बेत ठरला. लॉरेनला खरं काय ते जाताना बाजूला घेऊन सांगू, असंही तो स्वतःला म्हणाला. ते कसं सांगायचं, हे मात्र त्याला सुचलेलं नव्हतं.

पाहुणी आली. साठीची, ठेंगणी, पांढऱ्या बुटांतली. तिनं दारातच वालेन्तीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “देव भलं करो, बाबाजी. थंडी काय पडलीय तुमच्याकडे.”

पोलिशमध्ये. तीही आजची नाही, सन बाराची. आई कारखान्यात, त्यामुळे लॉरेन आजोबांजवळ वाढली होती आणि आजोबांना तिच्याशी बोलायला तेवढी एकच भाषा होती. आगाताबरोबर गावातून नाहीसे झालेले शब्द पांढरे बूट घालून परत आले होते.

वालेन्तीचा चेहरा उजळला. “तेओफिल, ही आईसारखी बोलते रे.”

तेओफिलने घाईनं खुर्च्या ओढल्या. बस उताराला लागली होती आणि ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली होता.

बीटचं सार वाढलं. लॉरेन भरभरून बोलत होती. “माझे आजोबा शिमोन...”

“सार निवतंय,” तेओफिल म्हणाला.

“बोलू दे की तिला,” वालेन्ती म्हणाला. “कुणाचा शिमोन?”

गावात असंच विचारतात. गेन्याने मध्येच आंबट सायीचं भांडं पुढे केलं. कोणी घेतलं नाही.

“वालेन्तीचा. आईचं नाव रोझालिया. सन बारात आले अमेरिकेला.”

वालेन्तीने चमचा खाली ठेवला. लॉरेनने हौसेनं फोटो काढून त्याच्यासमोर सरकवला. ओसरीवर आरामखुर्चीत बसलेला एक म्हातारा, मांडीवर एक लहान मुलगी. म्हाताऱ्याचे कान बाहेर आलेले. तसलेच कान फोटोवर वाकले होते.

“ही मांडीवरची मीच,” लॉरेन म्हणाली. “आणि माझे वडील त्यांचे थोरले. म्हणून पणजोबांचं नाव, वालेन्ती. तुमच्याकडचा रिवाज ना?”

गेन्याने सायीचं भांडं मागे घेतलं.

“थोरले,” वालेन्ती अखेर म्हणाला. “हो का.”

तो पुन्हा फोटो पाहू लागला. तिकडे पोचून त्या माणसाने मोजणी नव्याने, एकपासून सुरू केली होती.

लॉरेनने एकदा तेओफिलकडे पाहिलं, एकदा गेन्याकडे. मग हळूच विचारलं, “बाबाजी, तुम्ही कोणाचे?”

“शिमोनचा. मीही वालेन्ती. मीही थोरलाच.”

तिचा हात तोंडावर गेला. ती बाई मुळं शोधायला आली होती. मुळं इतकी जवळ, सारात चमचा बुडवून बसली असतील, असं तिच्या मनातही नव्हतं.

“मी झालो ते त्याला ठाऊक होतं का?”

“मला माहीत नाही, काका.” काका हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला. “ते कधी बोलले नाहीत. या घराबद्दल काहीच नाही.”

“सत्तावन्न साली गेला म्हणतेस.” वालेन्ती किंचित हसला. “आई एकोणपन्नासला गेली. म्हणजे एवढी वर्षं आम्ही त्याच्या नावाच्या प्रार्थना आगाऊच पाठवत होतो. वर पोचल्यावर ढीगच मिळाला असेल त्याला.”

तेओफिल हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या विनोदावर हसला नाही.

“शेवटी जवळ कोण होतं?” वालेन्तीने विचारलं.

“माझे वडील. रात्रभर हात धरून बसले होते.”

“म्हणजे वालेन्ती होता जवळ.” त्यानं मान हलवली. “बरं झालं.”

मग ससे उपाशी असतील म्हणून तो उठला. सशांना गेन्याने दुपारीच खाऊ घातलं होतं. त्याला कोणी तसं सांगितलं नाही. तेओफिल काही वेळानं मागोमाग गेला. बाप अंधारात पिंजऱ्याच्या जाळीत बोटं अडकवून उभा होता.

“बाबा, मला तुम्हाला सांगायचं नव्हतं.”

“कळलं मला. सकाळपासून बोहल्यावर चढल्यासारखा घामाघूम झाला होतास.” जाळीतून बोटं सोडवत तो म्हणाला, “पहिल्या तारखेला आईकडे जायचंय. तिला काय सांगू रे?”

ज्या माणसानं शेकडो परक्यांना त्यांची आजी, पणजी, तिची माहेरची आळी सांगितली होती, तो पिंजऱ्याची कडी काढून पुन्हा लावत राहिला.

पहिल्या तारखेला सगळं गाव कबरस्तानात होतं. शेवंतीच्या कुंड्या, काचेतले दिवे, नव्या कोटांतली माणसं. तेओफिलने आगाताच्या कबरीचा दगड घासून धुतला, गेन्याने कुंड्या मांडल्या. लॉरेन जरा मागे उभी होती, आपण इथं उभं राहावं की नाही याचा अंदाज घेत. वालेन्तीने टोपी काढली आणि कबरीवर वाकला. म्हातारपणी माणसाला आपण हळू बोलतोय असं वाटतं, पण आजूबाजूला सगळं ऐकू जातं.

“आई,” तो म्हणाला, “चौकशी केली हं मी. तेओफिलने पार अमेरिकेपर्यंत लिहून पाहिलं. जहाजावरच गेला गं तो. तुझंच खरं होतं.”

लॉरेनला शब्द न् शब्द कळला असणार. तिनं कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि दुसरीकडे पाहत राहिली.