बसक्या गाडीतलं माहेर

सकाळी सोलापुरातून निघालो तेव्हा गाडीचं नाक आभाळाकडे आणि शेपूट रस्त्याला टेकायच्या बेतात होतं. जुनी गाडी, मागच्या स्प्रिंगा बसलेल्या, त्यातही डावी जास्तच. प्रत्येक गतिरोधकावर बूड घासायचं आणि मी सीटवरून उगाच अंग वर उचलायचो, जणू त्याने गाडी हलकी होणार होती.

जायचं होतं वळसंगला, भाचीच्या डोहाळजेवणाला. रेखाला माहेरचं म्हणायला आता मी एकटाच. तिच्या थोरल्या जावेच्या माहेराहून टेम्पो भरून सामान आलं होतं म्हणे. माझ्याकडे ओटीची पिशवी, एक साडी आणि शेंगापोळ्यांचा डबा. पोरीला सासरी खाली बघावं लागू नये, एवढीच धास्ती होती.

कुंभारीला चहाला थांबलो. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"पावनं, मागं काय भरलंय एवढं?"

"काही नाही. मोकळीच आहे."

"सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या की!"

त्यांचा रुसवा काढायला दुसरा चहा मागवावा लागला.

वळसंगच्या गल्लीत गाडी थांबताच घरातून बायका बाहेर आल्या. "बर्री, बर्री (कानडीत 'या, या')," रेखाच्या सासूबाई शांतव्वा म्हणाल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मामानं लई आणलंय! गाडी पार बसलीया की!"

झालं. डिकीभोवती ही गर्दी! गडी बाह्या सरसावून तयार, जाऊबाई सगळ्यांच्या पुढे. रेखाचा चेहरा असा फुलला की मला दरदरून घाम फुटला.

"चावी द्या हिकडं," शांतव्वा हळूच म्हणाल्या. त्यांनी डिकी थोडीशी उघडून आत पाहिलं. पिशवी, डबा आणि स्टेपनी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरची चादर ओढली, आत हात घालून स्टेपनी गुंडाळली आणि वळून गरजल्या, "बघताय काय? लई जड हाय, दोघं धरा! आन उघडून बघायचं न्हाय, बाळासाठी हाय!"

धरणाऱ्या दोघांच्या हाताला टायर लागलंच असणार. पण शांतव्वांच्या डोळ्यांकडे बघून तेही कण्हत कण्हत चालले. स्टेपनी देवघरापाशी पाटावर विराजमान झाली. तिला हळदकुंकू लागलं, जाऊबाईंनी नमस्कारही केला. रेखाला सगळं कळलं होतं. पदर तोंडाशी धरून ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मलाही भरून आलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी नुसती खाली मान घालून खाल्ली.

निघताना स्टेपनी मागायची सोय नव्हती. माहेरची गाडी मोकळी जाऊ नये म्हणून शांतव्वांनी डिकीत ज्वारीचं पोतं मात्र ठेवलं. पंक्चर होऊ नये म्हणून सोलापूरपर्यंत देवाचं नाव घेत आलो. घरी पोतं उतरवलं, तरी गाडी होती तशीच बसलेली.

संध्याकाळी रेखाचा फोन आला. "मामा, अत्ती (सासूबाई) म्हणतात, बारशालाही हीच गाडी आणा. स्प्रिंगा तेवढ्या बदलू नका."