घाटमाथ्यावरचा कांदा

आमच्या हिंगोलीत मे महिन्यात माणूस घराबाहेर पडलं की खिशात कांदा टाकतात. उन्हाचा इलाज. मुलानं लडाखच्या सहलीची तिकिटं काढून दिली, तेव्हाही मी ह्यांच्या स्वेटरच्या खिशात एक टाकलाच. वर बर्फ असतं हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा मी अवघी साठीची पोरगी, अक्कल यायची बाकी होती.

घाटाच्या माथ्यावर एक जागा आहे, तिथून सगळी दरी दिसते. शेजारीण तिथं जाऊन आली होती आणि तिनं गुलाबी शालीतला फोटो मला तीनदा दाखवला होता. म्हणून मी जांभळी शाल घेतली होती, तिच्याहून महाग.

माथा जवळ आला तसं ह्यांचं डोकं दुखायला लागलं. मग उलटी झाली. ड्रायव्हरनं हिंदीत सांगितलं, इथं हवा विरळ आहे, बाबांना आत्ताच खाली नेऊ. मला वाटलं, ह्याला घरी जायची घाई. डोकेदुखी, उलटी, चक्कर, हे दुखणं मी लहानपणापासून ओळखत होते. मी ह्यांचे बूट-मोजे काढले, कांदा फोडला आणि तळपायाला चोळायला बसले.

"इथं कुठलं ऊन गं?" हे म्हणाले.

"सूर्य जवळ हाय न इथून. तुमी गप बसा."

बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ होता.

ड्रायव्हरनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, एवढ्या लांबून आलो, फोटो तरी होऊ दे. वर पोचल्यावर ह्यांना कठड्याला धरून उभं केलं. शाल नीट पडेना म्हणून ड्रायव्हरला चार फोटो काढायला लावले. नंतर चहा घेतला. तास गेला असेल. ह्यांनी कप तसाच ठेवला आणि खालीच बसले.

उतारावर गाडी पळवली, तरी दवाखाना लांब होता. हे वाटेतच गेले, माझ्या मांडीवर. डॉक्टर म्हणाला, सुरुवातीलाच खाली आणायचं होतं.

तो फोटो भिंतीवर लावलाय. दरी छान आली आहे, शालही. मी दात काढून हसतेय. ह्यांचे मोजे माझ्या मुठीत राहिलेत, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

परवा फोटो बघून नातीनं विचारलं, "आजी, आबांनी डोळे काहून मिटले?"

"ऊन होतं," मी म्हटलं.