बिनभोकाचे काप

चंद्रभागाबाईंच्या घरात वांगी कधी कमी पडली नाहीत आणि धड वांगं कधी दिसलं नाही. पेठ रोडला त्यांचा दीड एकराचा मळा. त्यात भरताची वांगी अशी लगडायची, की पंचवटीच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, "रंगनाथभाऊंची आलीत का?" रंगनाथभाऊ म्हणजे चंद्रभागाबाईंचे मालक. माणूस सज्जन, निर्व्यसनी, पण वांग्याच्या बाबतीत भलताच चिकट. एक नंबर माल कॅरेटात भरायचा आणि किडका, वाकडा, पाखरांनी टोचलेला घरात आणायचा, हा त्यांचा कायदा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, या कायद्यात एकदाही सूट मिळाली नव्हती.

त्यामुळे चंद्रभागाबाईंचा हात अळी शोधण्यात तयार झाला होता. वांगं हातात घेतलं की अळी कुठून शिरली, कुठे मुक्कामाला आहे आणि कुठून निघायच्या बेतात आहे, हे त्या न चिरता सांगत. तेवढा भाग कोरून काढायचा आणि उरेल त्याचं भरीत करायचं, नाहीतर रस्सा. भरतात भोक दिसत नाही, रश्शात तर काहीच दिसत नाही. संसार सुखाचा चालला होता.

तो बिघडवला नव्या सुनेनं. आरोही पंचवटीत वाढलेली. एका दुपारी तिनं ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून वांग्याचे काप करायचं ठरवलं. हौसेनं चकत्या कापल्या, ताटात मांडल्या आणि बघतच राहिली. एकूण एक चकतीला खिडकी. तिनं एक चकती डोळ्याला लावली.

"आई, यातून तुम्ही दिसताय!"

तळताना तर तमाशाच झाला. भोकातून चुरा सुटून तेलात करपला, काप मोडले. रंगनाथभाऊंनी मात्र ते आवडीनं खाल्ले. "भोकामुळं आतून बी कुरकुरीत झालंय," असा शेराही मारला.

भांडी घासताना आरोहीनं सहज विचारलं, "आई, आपली चांगली वांगी चवीला कशी लागतात हो?"

रोपं चंद्रभागाबाईंनी लावली, खुरपली, पाणी त्यांनी धरलं. बाजारातले लोक म्हणायचे लोण्यासारखी लागतात. म्हणजे साऱ्या पंचवटीला जे ठाऊक, ते एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं. हे त्यांना फार लागलं. त्या दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ मागून पाहिलं. "एक दिवस धड वांगी ठेवा की घरात."

"एक नंबर माल घरात शिजवला, तर बाजारात काय तोंड घेऊन जाऊ?" रंगनाथभाऊ म्हणाले. विषय संपला.

मग त्यांनी चोरी केली. स्वतःच्या मळ्यातून एक वांगं पदराखाली घातलं आणि बांधापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच मागून हाक आली, "अगं, तिसऱ्या सरीतलं खालचं कुठं गेलं?" वांगं मुकाट्यानं कॅरेटात गेलं. या माणसाला सुनेच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही, पण झाडावरचं वांगं न् वांगं तोंडपाठ. काय म्हणायचं याला!

शेवटी चंद्रभागाबाईंनी आरोहीच्या मोबाईलवरून विहिणीला फोन लावला. विमलाबाई रविवारी जेवायला यायच्याच होत्या.

"विहीणबाई, येताना भरताची वांगी आणा. बाजारातल्या कुंदनच्या दुकानातली, तो आमचा माल इकतो. आमचीच. दुसऱ्या कोणाची नको."

"अहो, वांगेवाल्यांच्या घरी वांगी घेऊन येऊ? लोक हसतील मला."

"हसू द्या. तुमी आणा."

रविवारी पिशवी आली. विकतच्या मालावर रंगनाथभाऊंचा कायदा चालेना. ते ओट्यापर्यंत येऊन नुसते कुरकुरले, "घरात एवढी वांगी पडलीत अन् इकतची कशाला?" सासू-सुनेनं ऐकलं नाही. चकत्या अर्ध्या बोटाच्या जाडीच्या निघाल्या, पांढऱ्याशुभ्र, अखंड. मीठ, हळद, तिखट लावून पाणी सुटेपर्यंत ठेवल्या, निथळून मैद्याच्या पातळ पिठात बुडवल्या, वाळलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात दोन्ही अंगांनी दाबल्या आणि कढईत सोडल्या. चुऱ्याचा कण सुटला नाही.

पहिला काप चंद्रभागाबाईंनी कढईपाशी उभ्यानंच खाल्ला. वरचं कवच कुर्रकन मोडलं आणि आतलं वांगं जिभेवर विरघळून गेलं. त्यांना आधी आनंद झाला आणि पाठोपाठ जबरदस्त राग आला. पस्तीस वर्षं हे सगळं लोकांनी खाल्लं होतं.

पंगतीत रंगनाथभाऊंनी सहा काप हाणले. सातव्याला म्हणाले, "विहीणबाई, वांगी चांगली आणली तुमी. पण खरं सांगू का? आमच्या मालाची सर नाय."

आरोहीला ठसका लागला. विमलाबाई ताटात बघू लागल्या.

"तुमी खाल्लाय का कधी आपला माल?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"म्हंजे? रोज तर खातो."

"रोज अळीनं टाकलेलं खातो आपण. धड वांगं कधी खाल्लंय?"

रंगनाथभाऊंचा हात ताटावरच थांबला. आठवून पाहिलं, पण आठवण्यासारखं काही नव्हतं.

"ही आपलीच हायेत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "काल तुमी भरली, कुंदननं इकली, अन् विहीणबाईंनी पैसे मोजून परत आणली."

रंगनाथभाऊंनी हातातला काप उलटासुलटा करून पाहिला आणि खाल्ला. या वेळी सावकाश खाल्ला. मग हात धुऊन ते गोठ्याकडे निघून गेले, आणि आपण पाहुणीसमोर जरा जास्तच बोललो का, असं वाटून चंद्रभागाबाईंना दिवसभर चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी झाली, टेम्पो गेला. रंगनाथभाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात एक भरताचं वांगं होतं, काळंभोर, तुकतुकीत. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डाग दिसतोय त्याला. कॅरेटात नाय चालायचं."

चंद्रभागाबाईंनी वांगं उचललं आणि उजेडात धरून देठापासून बुडापर्यंत फिरवून पाहिलं. डाग कुठेच नव्हता.

"व्हय की," त्या म्हणाल्या, "लय मोठा डाग हाय." आणि त्यांनी विळी पुढे ओढली.